अर्ध्यावरचा झेंडा

झेंडा वर चढला तेव्हा दारासमोर जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो काठीच्या टोकाला टेकला तेव्हा कुणीतरी 'हुर्रे'सुद्धा म्हटलं. मग ओलुफने दोरी सैल सोडली, झेंडा सावकाश अर्ध्यावर आणला, गाठ मारली आणि मागे वळून विचारलं, "मयताच्या घरी टाळ्या वाजवतात होय रे?"

शेजारच्या मॉन्सने ओठाला लावलेला ट्रम्पेट खाली घेतला. लग्नाच्या पन्नाशीचं गाणं त्याने महिनाभर घासून बसवलं होतं. आदल्या संध्याकाळी आळीने मिळून ओलुफ आणि किर्स्टीनाच्या दाराभोवती देवदाराच्या फांद्यांची कमान बांधली होती, तिच्यावर सोनेरी कागदाची फुलं खोचली होती. आमच्याकडे हे करावंच लागतं. पंचवीस वर्षं एकत्र काढली तर चंदेरी फुलं, पन्नास काढली तर सोनेरी. नवराबायकोचं आपसात पटतं का, हे विचारायची पद्धत नाही. सकाळी आठला दाराशी गाऊन जोडप्याला उठवायचं, आणि पहाटेपासून केस विंचरून बसलेल्या जोडप्याने झोपेतून दचकून उठल्यासारखं दार उघडायचं.

किर्स्टीनाने ते उघडलंही. पण दचकायची तिला गरजच पडली नाही.

"आजच्या दिवस तरी वर राहू दे," ती म्हणाली.

"नियम आहे."

ओलुफ नियमाचा पक्का. झेंडा आठच्या आत चढवायचा नाही, सूर्य बुडताना उतरवायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही. घरात कुणी गेलं की तो अर्ध्यावर ठेवायचा, पण थेट अर्ध्यावर न्यायचा नाही. आधी टोकाला पोचवायचा, मग खाली आणायचा. उतरवतानाही आधी टोकाला, मगच खाली. दफन उरकलं की पुन्हा पूर्ण वर. वसंतात समुद्रातल्या पवनचक्क्यांचं पहिलं पातं फिरलं, त्या दिवसापासून ओलुफ रोज हे सगळं यथासांग करत होता. कोण गेलं असं विचारलं तर समुद्राकडे बोट दाखवायचा. दफन कधी, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

मॉन्सने शेवटी गाणं वाजवलं. लोकांनी म्हटलंही. मात्र सगळ्यांचे डोळे झेंड्याकडे होते, त्यामुळे 'सोनेरी दिवस' हे शब्द जरा दबकतच बाहेर आले. मग सगळे आत गेले, कारण गाण्यानंतर गरम पाव, चीज, कॉफी आणि कडू दारूचा छोटा पेला मिळतो, आणि तो मयताच्या घरीही मिळतोच.

स्वयंपाकघरात प्रेबेन, म्हणजे थोरला, पाव कापत होता. हा शाळेत भूगोल शिकवतो. पंधरा वर्षांचा असताना बापाने त्याला आपल्या मासेमारीच्या बोटीवर नेलं होतं, तेव्हा बंदराच्या तोंडापासून परत बंदराच्या तोंडापर्यंत तो नुसता ओकत होता. पुढे पवनचक्क्यांविरुद्ध समिती निघाली तेव्हा तिचा चिटणीस मात्र तोच झाला. समितीच्या सभेला तो विजेवरच्या गाडीतून जातो. ती वीज कुठून येते हा प्रश्न भूगोलाचा असल्यामुळे सभेत कुणी विचारत नाही.

"बाबाचं बरोबर आहे," तो आईला म्हणाला. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाशी लग्न करायला हवं होतं त्याने," किर्स्टीना म्हणाली. "मी सुटले असते. लोणी दे इकडे."

तिच्यामागे फळीवर जुना वायरलेस खरखरत होता. बोट विकली तेव्हा ओलुफने तेवढा एक काढून घेतला होता. असा सेट घरात ठेवायला बंदी आहे, पण हा एक नियम ओलुफच्या नजरेतून सुटला असावा. हवामान ऐकतो, असं तो सांगायचा. खिडकीबाहेर वाळूच्या टेकड्या, त्यापलीकडे समुद्र आणि समुद्रात आडवी उभी ती पांढरी रांग. आज वारा बरा होता, सगळ्या फिरत होत्या.

या खिडकीत बोट विकेपर्यंत किर्स्टीनाने वर्षानुवर्षं दिवा लावला होता. बोट बाहेर असेल त्या प्रत्येक संध्याकाळी. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने विचारलं होतं, "दिसतो का रे तिथून?" ओलुफ म्हणाला होता, "तिथून काय दिसणार? वाळू दिसते." तरी ती लावत राहिली. सवय, दुसरं काय. आणि स्वतः जाऊन बघायचं तर बाईमाणूस बोटीवर चढलं की मासे पळतात, हे नॉरक्लिट गावात माशांनासुद्धा माहीत होतं.

नऊच्या सुमाराला किर्स्टीनाचा भाऊ आस्गर गाडीतून उतरला. हा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो आणि वर्तमानपत्र वाचत नाही. कमान त्याला दिसली नाही, कारण त्याने रस्त्यावरूनच झेंडा पाहिला होता आणि गाडीतला काळा टाय घाईने बांधला होता. तो डोळे पुसत आत आला आणि त्याने बहिणीला घट्ट मिठी मारली.

"आजच्याच दिवशी!" तो म्हणाला. "नशीब तरी बघ. फार हाल झाले का गं त्याचे?"

"कुणाचे?"

"ओलुफचे."

दारूचे पेले हातात घेऊन सगळे कोपऱ्याकडे वळले. ओलुफ बशीतला पाव खात तिथेच बसला होता.

"हाल चालूच आहेत," तो म्हणाला. "बस."

आस्गर मटकन बसला. मग त्याला सगळी हकिकत सांगण्यात आली. चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितली, त्यामुळे ती त्याला शेवटपर्यंत कळली नाही. एवढंच कळलं की मेलेलं कुणी नाही आणि आपण काळा टाय उगाच बांधला.

अशा वेळी लिस्बेट आली. केशरी जाकीट, बूट, बगलेत हेल्मेट. धाकटी. पवनचक्क्यांकडे कामगारांची ने-आण करणाऱ्या 'टेर्ना' या बोटीची ती कप्तान. ही नोकरी धरल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, बाप तिच्याशी बोललेला नव्हता. ती समोर असली की तो दुसऱ्याशी बोलायचा.

"अभिनंदन, आई." तिने किर्स्टीनाच्या गालाला गाल लावला. "अभिनंदन, बाबा."

"आस्गर," ओलुफ म्हणाला, "तिला विचार, कामाच्या कपड्यांत आली ती."

आस्गरने बिचाऱ्याने विचारलं.

"आज कंपनी गावकऱ्यांना पवनचक्क्या दाखवायला नेतेय. दहाला निघायचं, एकपर्यंत परत," लिस्बेट म्हणाली. "जेवायला वेळेवर येते, मामा. त्यांना सांग."

"आस्गर, तिला म्हणावं, या घरातलं कुणी जाणार नाही."

"मामा, त्यांना म्हण, मी बोलावलंही नाही. मी सोळा वर्षांची असताना त्यांच्या बोटीवर येऊ का म्हणून विचारलं होतं, तेव्हा त्यांनीही बोलावलं नव्हतं."

आस्गर आळीपाळीने दोघांकडे बघत होता. तो शांतपणे जेवायला आला होता.

ओलुफने बशी सरकवली. आता त्याला आस्गरची आठवण राहिली नाही, तो भिंतीला सांगू लागला. "त्या रांगेच्या जागी माझं आयुष्य गेलंय. कुठे खडक, कुठे चिखल, कुठल्या महिन्यात कुठल्या कपारीत मासा बसतो, हे मला या स्वयंपाकघरापेक्षा जास्त ठाऊक होतं. आता तिथे खांब ठोकलेत. जाळं टाकता येत नाही, होडी नेता येत नाही. आणि माझी पोरगी तिकडे सहली काढतेय."

हे तो खरं बोलत होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. लिस्बेटचे डोळे भरून आले होते. ते लपवायला ती हेल्मेटचा पट्टा उगाच लांब-आखूड करत बसली.

किर्स्टीनाने एप्रन सोडला.

"मी येते गं," ती लेकीला म्हणाली.

"कुठे?" ओलुफने विचारलं.

"समुद्रावर."

"आज? पाहुणे आहेत. जेवण आहे. किर्स्टीना, मी या घरात..."

"तू या घरात नाहीसच," किर्स्टीना म्हणाली. "झेंडा अर्ध्यावर आहे. माझा सख्खा भाऊ रस्त्यावरून रडत आला. म्हणजे मी विधवा झाले. विधवेला नवऱ्याची परवानगी लागत नाही, तसा नियम नाही." तिने खुंटीवरचा कोट काढला. "प्रेबेन, भट्टीत मांस आहे. बाराला बटाटे लाव."

"आई, तत्त्वाचा..."

"तत्त्वही लाव सोबत. मऊ शिजव."

आणि ती सोनेरी फुलांच्या कमानीखालून बाहेर पडली, एकटीच. त्या कमानीखालून जोडीने जायचं असतं. मॉन्सची बायको नंतर बरेच दिवस सांगत होती की मी तेव्हाच म्हटलं, हे शुभ नाही. तेव्हा ती प्रत्यक्षात चीज खात होती.

एक वाजला. अंगणातल्या तंबूत लांबच लांब टेबलं मांडून झाली. 'टेर्ना' आली नाही. पाहुण्यांनी तासभर हवापाण्यावर गप्पा मारल्या, मग हवापाणी संपलं आणि प्रेबेनने मांस कापलं. बटाटे एव्हाना दोनदा गरम झाले होते.

आमच्याकडे अशा जेवणात पाहुणे मध्येच पाय आपटायला लागतात. सगळ्यांनी मिळून जमिनीवर पाय आपटले की लग्नाच्या जोडप्याने टेबलाखाली वाकून एकमेकांचा मुका घ्यायचा. ही चाल कुणी काढली माहीत नाही, पण ती थांबवायची चाल कुणालाच माहीत नाही. टेबलाच्या पार टोकाला बसलेल्या एका चुलत नातवाने, किर्स्टीनाची खुर्ची रिकामी आहे हे न बघता, पाय आपटला. शेजाऱ्याने आपटला. बघता बघता अख्खा तंबू दणदणला.

ओलुफ बसून राहिला. मग काय करावं ते न सुचून तो खरोखरच टेबलाखाली वाकला. तिथे नुसते बूट होते. तो वर आला तेव्हा त्याचं तोंड लाल झालं होतं आणि पाय आपटणं हळूहळू बंद पडलं.

प्रेबेनला वाटलं, हे काही बरोबर नाही. सकाळी त्याला बापाचं बरोबर वाटलं होतं. अकराला, बटाटे सोलताना, दोघांचंही थोडं थोडं बरोबर वाटू लागलं. आता आईचं वाटत होतं. वारा असेल तिकडे तोंड करण्यात घरातली खरी पवनचक्की तोच होता.

"बाबा," तो खुर्ची ओढून म्हणाला, "मधला मार्ग आहे. वर चढवू नकोस. अर्ध्यावरही ठेवू नकोस. काढूनच टाक. सगळ्यांचं राहील."

"काढून?"

"आई परत येऊन बघेल, झेंडा अर्ध्यावर नाही. समितीलाही सांगता येईल की आपण वर चढवला नाही."

ओलुफने बराच विचार केला. रिकाम्या खुर्चीकडे त्याने दोनदा पाहिलं. तिच्या पाठीला सोनेरी फीत बांधली होती.

"काढतो," तो म्हणाला. "पण चढवत नाही."

"नाहीच चढवायचा," प्रेबेन म्हणाला. भूगोल शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात नियम राहत नाहीत.

ओलुफ बाहेर गेला. त्याच्यामागे आस्गर, मॉन्स, मग सगळे पाहुणे हातरुमाल गळ्यात तसेच घेऊन. ओलुफने गाठ सोडली. दोरी खाली ओढायला त्याने हात उचलला आणि तो थांबला. अर्ध्यावरचा झेंडा थेट खाली आणता येत नाही. आधी टोकाला. सगळ्या गावाला त्याने हे आजवर ऐकवलं होतं. पोस्टमनला तर एकदा झेंड्याखाली उभं करून ऐकवलं होतं.

"बाबा, ओढ ना खाली," प्रेबेन म्हणाला.

"तसा काढत नाहीत," ओलुफ म्हणाला. मग त्याने दोरी दुसऱ्या बाजूने ओढली.

झेंडा वर गेला आणि टोकाला टेकला. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने तो एकदम सरळ उघडला.

मॉन्स सकाळपासून ट्रम्पेट काखेत घेऊन हिंडत होता. त्याला मधला मार्ग कुणी सांगितला नव्हता. झेंडा टोकाला दिसताच त्याने गाल फुगवले आणि पन्नाशीचं गाणं सुरू केलं. पाहुण्यांनी लगेच सूर धरला, कारण आमच्याकडे कुणी गाणं सुरू केलं तर ते संपेपर्यंत म्हणावंच लागतं. आणि गाणं चालू असताना झेंड्याला हात लावायचा नाही. ओलुफ टोपी काढून ताठ उभा राहिला, दुसऱ्या हातात दोरी.

कडवी बरीच होती. दुसऱ्या कडव्यात जोडप्याने सुखदुःख वाटून घेतल्याचा उल्लेख होता. ओलुफ समुद्राकडे बघत होता. पवनचक्क्यांच्या अलीकडे एक छोटा केशरी ठिपका दिसत होता. ती 'टेर्ना' होती. त्याच्या नजरेला अजून बोट कळत होती. तिच्यावर किर्स्टीना होती, आणि तो किनाऱ्यावर होता. पन्नास वर्षांत असं कधी झालं नव्हतं. किनाऱ्यावर उभं राहून कुणाची वाट बघणं किती लांबलचक असतं, हे त्याला चौथ्या कडव्यापर्यंत पुरतं कळलं.

गाणं संपलं. हुर्रे झालं, तीन वेळा आणि मग एक लांब. प्रेबेनने हळूच खूण केली, खाली. ओलुफने दोरीला गाठ मारली. झेंडा होता तिथेच राहिला.

"बाबा?"

"बटाटे गार होतायत," ओलुफ म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे चालू लागला.

समुद्रावर गावकरी बोटीच्या एका कडेला गर्दी करून मोबाईलने फोटो काढत होते. परतीच्या वाटेवर एका खांबापाशी शिडीवरून दोन कामगार उतरवून घ्यायचे होते, त्यात सगळा उशीर झाला होता. किर्स्टीना लिस्बेटच्या शेजारी, काचेच्या आत बसली होती. खांब खालून पिवळे होते आणि जवळ गेल्यावर मान मोडेल एवढे उंच. पातं डोक्यावरून जाताना हुश्श असा आवाज येत होता.

"आणि या एवढ्याशासाठी तो मेला?" तिने विचारलं होतं.

लिस्बेटला हसू आलं. मग ती म्हणाली, "आई, तो इथे हरलाय गं. मला ते कळतं. रोज इथून जाते ना मी. त्याने एकदा माझ्याशी भांडावं तरी, एवढंच वाटतं मला."

"तो रोज ऐकतो तुला."

"कुठे?"

"वायरलेसवर. तू निघालीस की बंदराला आवाज देतेस, परत आलीस की देतेस. तोवर हा कॉफीचा कप खाली ठेवत नाही. हवामान ऐकतोय म्हणतो." किर्स्टीनाने नाक मुरडलं. "हवामान सांगायला तुझं नाव कशाला लागतं?"

लिस्बेटने बोट किनाऱ्याकडे वळवली आणि सूर्य पाठीमागे आला.

किर्स्टीना उठून काचेपाशी गेली. आपलं गाव तिने समुद्राकडून कधी पाहिलं नव्हतं. वाळूची पिवळी पट्टी, चर्चचा पांढरा ठिपका आणि टेकडीवर एक घर. घराशेजारी काठी, काठीच्या अगदी टोकाला लाल काहीतरी फडफडत होतं. आणि घराच्या भिंतीत एक बारीक चौकोन उन्हाने चमकत होता.

ती कितीतरी वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिली.

"ती आपली स्वयंपाकघराची खिडकी ना गं?"

"हो. नेहमी दिसते. का?"

उत्तर द्यायला किर्स्टीनाला वेळ मिळाला नाही. वायरलेस खरखरला.

"टेर्ना, टेर्ना. नॉरक्लिट."

लिस्बेटचा हात चाकावर तसाच राहिला. असा सेट घरात ठेवायला बंदी आहे, हे त्या क्षणी तिच्या मनातही आलं नाही. तिने बटण दाबलं. "टेर्ना ऐकतेय."

"जेवण गार झालं." मग नुसतीच खरखर, आणि मागे कुठेतरी पुन्हा पाय आपटल्याचा दणदणाट. "लिस्बेट. आईला घेऊन ये."

लिस्बेटने तोंड फिरवलं आणि मायक्रोफोन आईच्या हातात दिला.

"ओलुफ," किर्स्टीना म्हणाली, "खिडकी दिसते इथून."

तिने बटण सोडलं, मग पुन्हा दाबलं.

"दिवा नसताना दिसते. मग दिवा असताना काय होत असेल?"

मग ओलुफचा आवाज आला, हळू, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"त्याच्याच रोखाने तर बोट आणायचो."

किर्स्टीनाने मायक्रोफोन जागेवर अडकवला. डोळे पुसले, कोटाची बटणं लावली आणि पुन्हा काचेपाशी जाऊन उभी राहिली.

"सांग त्याला, येतोय म्हणून," ती म्हणाली. "आणि तू जरा हळू चालव गं. बसू दे वाट बघत."